आतल्या खोलीचा पांढरा

अथेन्सच्या डॉक्टरने माझा नवरा मला परत दिला तो बिघडवून. गेला तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, चालताना पायरी चुकायची, कालवणात मिठाच्या जागी साखर पडायची, पण माणूस गोड होता. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत हिवाळाभर अथेन्सजवळच पिरेअसला लेकीकडे राहिला. ईस्टरच्या आधीचे उपास चालू असताना बोटीतून उतरला, तो डोळे लख्ख आणि घरात पाऊल टाकताच तोंड वाकडं.

धक्क्यावर तसा खूश होता. "मोस्खा, त्या डोंगरावर बकऱ्या दिसतायत मला! त्यांची शिंगं दिसतायत!" हे त्याने टॅक्सीवाल्यालाही ऐकवलं. मी म्हटलं, बकऱ्या तिथेच होत्या रे, तूच नव्हतास. घरी आल्यावर त्याने अंगण पाहिलं, लिंबाचं झाड पाहिलं, मांजरीला उचलून तिचे डोळे पाहिले. मग बॅग घेऊन आतल्या खोलीत निघाला आणि दारातच थबकला.

"हे कुणी केलं?"

"काय कुणी केलं?"

"भिंती. निळ्या कुणी रंगवल्या?"

मी त्याच्या खांद्यावरून आत डोकावले. चारी भिंती पांढऱ्या. गेल्या ईस्टरला मी माझ्या हाताने चुना दिलेला, एक डाग नाही, एक पोपडा नाही.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मी म्हटलं. "निळ्या कुठायत?"

"निळ्या आहेत, मोस्खा. बर्फाच्या कारखान्यासारख्या."

तो आत गेलाच नाही. बॅग स्वयंपाकघरात ठेवली, आणि झोपायची वेळ झाली तेव्हा उशी उचलून तिथल्या दिवाणावर आडवा झाला. म्हणे पाठीला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तर ताकास तूर लागू देईना. दिवसभर अंगणात बसून राही, जेवायला आत येई, की परत बाहेर. मी आत एकटी त्या रुंद पलंगावर पडून छताकडे बघत राही. तो जहाजावर असायचा तेव्हाही मी अशीच पडायची, पण तेव्हा तो घरात नसायचा. आता घरात असून माझ्या खोलीत येत नव्हता, हे मला फार लागलं.

त्या खोलीचा पांढरा म्हणजे काय, हे सांगायला हवं, नाहीतर वाटेल की म्हातारी चुन्यावरून रुसली.

मी लग्न होऊन या घरात आले ते ईस्टर जवळ आलं असतानाच. सिफ्नोसला, आमच्या या बेटावर, ईस्टरच्या आधी प्रत्येक घराला चुना लागतो, आणि तो बायकाच लावतात. पुरुषाने कुंचा हातात धरला तर शेजारणी विचारतील, बायको आजारी आहे का? माझ्या सासूने पहिल्या आठवड्यातच माझ्या हातात कुंचा दिला. त्याआधी अंगणातल्या पिंपाचं झाकण उघडलं. आत भिजवलेला चुना, दह्यासारखा घट्ट. ती म्हणाली, "बाहेरच्या भिंतीला नीळ. चिमूटभर. म्हणजे उन्हात बघणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि लोकांना वाटतं इथे कामसू सून आहे. आतल्या भिंतीला पिवडी. चमचाभर. म्हणजे नवऱ्याला वाटतं घरात दिवा लावलाय."

"आणि पिवडी जास्त झाली तर?"

"तर निळीचं टोक बोटाने लावायचं. नीळ पिवळेपणा मारते. पण जपून. नीळ ही नणंदेसारखी, थोडी असली की घराला शोभा."

बाई तोंडाची तिखट होती, पण तिच्या भिंती अशा होत्या की आजारी माणूससुद्धा तिथे गुलाबी दिसायचा. तो पांढरा पांढराच होता, पिवळा कुणी म्हटला नसता. साय असते ना दुधावरची, तसा. दुपारी खिडकीतून ऊन आलं की सगळी खोली आतून उबदार व्हायची. माझ्या नवऱ्याने, सीमोसने, मला पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं ते त्या खोलीत. आमची अर्गिरो जन्मली त्या खोलीत. सासू गेली तीही तिथेच, भिंतीकडे तोंड करून, आणि जाताना म्हणाली, कोपऱ्यात कुंचा नीट फिरत नाही तुझा.

सीमोस जहाजावर स्वयंपाकी. लग्नानंतर वर्षभरात गेला आणि केस पांढरे होईपर्यंत जात राहिला. व्हालपाराइसो, योकोहामा, डर्बन, अशी नावं मी त्याच्या शर्टांच्या खिशातल्या काडेपेट्यांवर वाचली. येणार म्हटलं की मी आतल्या खोलीला चुना द्यायची, ईस्टर असो नसो. शेजारची कालिरोई कुंपणावरून ओरडायची, "पिवडी आणलीस म्हणजे जहाज निघालं वाटतं!" सगळ्या गावाला कळायचं. मला लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं. तो यायचा, बॅग टाकायचा, पलंगावर पाठ टेकायचा आणि भिंतीला हात लावून म्हणायचा, "आलो." दारातून आल्यावर नाही म्हणायचा, मला मिठी मारूनही नाही. भिंतीला हात लावला की मग. माझं सगळं लग्न त्या एका शब्दावर चाललं, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून मी पाचव्या-सहाव्या दिवशी अंगणात त्याच्यासमोर उभी राहिले. मसुराचं सूप त्याच्या हातात दिलं आणि वाडगा सोडलाच नाही.

"बोल. काय झालंय?"

त्याने वाडगा एकदा ओढून पाहिला. मग म्हणाला, "रागावू नकोस. ती खोली माझ्या केबिनसारखी दिसते."

"कसली केबिन?"

"जहाजावरची. तिथे असाच रंग होता. थंड. वर नळीचा दिवा, आणि चारी बाजूंनी तो पांढरा. डोळे मिटून मी आपली खोली आठवायचो, म्हणून झोप यायची मला. आता दारात उभा राहिलो की छातीत धडधड होते. वाटतं, उद्या पहाटे उठून शंभर माणसांचा नाश्ता करायचाय." त्याने वाडगा घेतला. "इतकी वर्षं घरी यायचं म्हणून काढली, मोस्खा. आणि आता घरच नाही तिथे."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "घर तिथेच आहे. तुझे डोळे परत कर त्या डॉक्टरला." आणि आत जाऊन भांडी आपटली. पण भांडी आपटतानाच ठरवलं होतं, ईस्टरच्या आत त्याला हवा तो पांढरा शोधायचा. उत्तम शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, कुणी कामाला हात लावत नाही, म्हणजे त्याआधीच.

ईस्टरला आठवडा उरला असताना, लाजरसच्या शनिवारी, अर्गिरो आली, सुट्टी काढून. मी फोनवर रडले होते, त्यामुळे रिकाम्या हाताने आली नाही. रंगांचा एक पंखा घेऊन आली. पत्त्यांसारखा उघडायचा, आणि आत नुसते पांढरे. एकाखाली लिहिलंय बदाम. एकाखाली हस्तिदंत. मग व्हॅनिला, वाळू, अंड्याचं कवच, लोकर, जुना तागा.

"पांढऱ्याला इतकी नावं?" मी म्हटलं. "आमच्या वेळी दोनच होते. स्वच्छ आणि मळका."

"आई, आता लोक चुना लावत नाहीत. डबा उघडायचा आणि लावायचा. पाण्याने पुसता येतो."

"भिंत पुसायची कशाला? तिच्यावर कोण जेवतं?"

तरी तिने छोटे डबे आणले होते, चार-पाच. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एकेक पट्टा ओढला. मला सगळे सारखेच दिसले, सगळे पिवळे, कुठे कावीळ कमी, कुठे जास्त. सीमोसला दारात उभं केलं. तो परीक्षकासारखा हात मागे बांधून उभा राहिला.

"हा?"

"मार्गारीन."

"हा?"

"हा दवाखान्यातलं बँडेज. वापरलेलं."

"बाबा, हा बघा, हस्तिदंत. सगळ्यांत महाग आहे."

"हा हॉटेल. बंदरावरचं ते नवं. तिथे भिंतीला पाठ टेकली तर बिलात लावतील."

अर्गिरोने कुंचा डब्यात टाकला. "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"आपला," तो म्हणाला.

"आपला म्हणजे कुठला?"

"आपला म्हणजे आपला. तुझ्या आजीचा. तुझ्या आईचा."

"माझा हाच आहे!" मी ओरडले. "हा, ज्याला तू निळा म्हणतोस! मी काही बदललं नाही. तोच चुना, तीच पिवडी, तीच नीळ, तोच कुंचा!" कुंचा तोच नव्हता, पण भांडणात एवढं चालतं.

सीमोस अंगणात निघून गेला. त्याचं ते न भांडता जाणं मला भांडणाहून जास्त बोचलं. दुसऱ्या दिवशीचा झावळ्यांचा रविवार आम्ही तिघांनी तोंडं फुगवून काढला. त्या दिवशी मासा चालतो म्हणून लसणाच्या चटणीबरोबर तळलेला खारा मासा केला, आणि तिघांपैकी एकानेही ‘छान झालाय’ म्हटलं नाही.

सोमवारी अर्गिरो म्हणाली, डब्यातला असो की पिंपातला, कुठला तरी रंग द्यायचाच आहे, तर खोली तरी रिकामी करू. पलंग सरकवला. खुर्च्या, आरसा, देवाच्या तसबिरी बाहेर नेल्या. राहिलं अक्रोडाचं कपाट. ते आमच्या लग्नात सीरोस बेटावरून बोटीने आलेलं, आणि चार गडी लागले होते आत आणायला. अर्गिरोच्या लग्नात शेवटचं हललं असेल. सीमोसची पाठ धरायला लागल्यापासून मी त्याच्या कडेकडेने चुना द्यायची. मागे काय आहे ते देव बघतो, पाहुणे बघत नाहीत.

"खाली घोंगडी घालून ओढू," अर्गिरो म्हणाली.

सीमोसला डॉक्टरने जड उचलायला मनाई केलेली. तो सूचना देत होता, तेवढं पुरे होतं. आम्ही दोघींनी घोंगडी सारली, ओढलं, कपाट करकरलं आणि हातभर पुढे आलं. मग आणखी हातभर. मागे कोळ्यांची जाळी, केसांच्या पिना, आणि भिंतीवर कपाटाच्या आकाराचा एक जुना तुकडा.

"अरे देवा," मी म्हटलं. "काय मळलंय बघा. धूर बसलाय जसा काही."

मी वळून पाहिलं. इतके दिवस दारात थांबणारा सीमोस खोलीच्या मध्यभागी आला होता. तो सरळ कपाटाच्या मागे गेला, जाळी तोंडाला लागली तरी थांबला नाही, आणि त्या तुकड्यावर तळहात ठेवला.

"हा," तो म्हणाला. "हाच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. पण मला ते तेव्हा कळलंच नाही. मला वाटलं, म्हातारा बरळतोय. "तो? तो तर हळदीसारखा झालाय. नुसता मळ आहे तो."

अर्गिरो हळूच माझ्याकडे वळली. "आई, तो मळ नाहीये. तो क्रीम आहे. सुंदर आहे. आणि बाकीची भिंत..." ती थांबली.

"बाकीची भिंत काय?"

"आई, बाकीची भिंत निळी आहे. आकाशी म्हण. मला वाटलं, तू मुद्दाम केलंयस. पर्यटकांसाठी. हल्ली सगळेच करतात ना, बेटावरचा निळा वगैरे."

पर्यटक दारात उभे राहून आत फोटो काढायचे हे खरं. मला वाटायचं, माझ्या जिरॅनियमचे काढतात.

"तुम्ही दोघं एक झालात," मी म्हटलं. "बापलेक."

अर्गिरोने वाद घातला नाही. ती खाली वाकली आणि बापाच्या पँटचा पाय वर उचलला. "आई, बाबांचे मोजे कुठल्या रंगाचे आहेत?"

"काळे."

"दोन्ही?"

"दोन्ही. मीच जोडी लावून ठेवते."

सीमोसने मान खाली घातली. मग कसंनुसं हसत म्हणाला, "एक काळा आहे. एक गडद निळा. आल्यापासून रोज असंच आहे. मी म्हटलं, कुठे बोलायचं, आधीच भिंतीवरून वाजलंय."

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला दोन काळे मोजे दिसत होते.

मग ते सगळं एकदम माझ्या डोक्यात उतरलं, आणि मी पलंगाच्या लाकडावर बसले. दर वर्षी मी चुना कालवायची. दर वर्षी पहिला हात वाळला की वाटायचं, जरा पिवळा आलाय. मग पुढच्या बादलीत पिवडी कमी. तरी पिवळा. मग निळीचं एक टोक. पुढच्या वर्षी दोन टोकं. मग चिमूट. मग मोठी चिमूट. पिवडीचा डबा तर कित्येक वर्षांत उघडला नसेल. मला वाटायचं, हल्लीचा चुनाच पिवळा येतो, पूर्वीसारखा माल राहिला नाही. कालिरोईही म्हणायची, नाही राहिला. तिचं वय माझ्याएवढंच. चुना नव्हता पिवळा. माझे डोळे पिवळे पडत चालले होते. आणि सीमोसचेही. तो कायमचा घरी आला तेव्हापासून आम्ही दोघं एकाच वेळी, एकाच घरात, हळूहळू पिवळं बघायला लागलो होतो. मी भिंत निळी करत गेले आणि आम्हा दोघांना ती पांढरीच दिसत राहिली. त्याच्या डोळ्यांवरचा पडदा निघाला म्हणून निदान एकाला तरी कळलं.

मी अंगणात जाऊन पिंपाजवळ बसले आणि रडले. मला माझ्या डोळ्यांचं वाईट वाटलं नाही. डोळे म्हातारे होतातच. वाईट याचं वाटलं, की ज्या खोलीसाठी तो समुद्रावरून परत यायचा ती मी स्वतःच्या हाताने पुसत आले होते. आणि प्रत्येक वर्षी पुसताना मला वाटत होतं, मी ती जपतेय.

सीमोस आला, माझ्या शेजारी दगडावर बसला. त्याने माझ्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"मोस्खा, एवढी नीळ गेली कुठून? नुसत्या निळीवर दुकानदाराने मजला चढवला असेल."

"थट्टा करू नकोस."

"बरं. नाही करत." मग जरा थांबून, "पण चढवलाय खरा. गुरुवारच्या आत होईल?"

"कुणी करायचं? मला दिसत नाही. तुला चुन्याजवळ जायची बंदी. थेंब उडाला तर ते नवे डोळे जळतील."

"अर्गिरो?"

"अर्गिरो भिंतीला डबा लावते," मी म्हटलं. "तिच्या हातात कुंचा दिला तर तुझी आई थडग्यातून उठेल."

"मग तूच. मी दारात उभा राहतो. मी बघतो, तू लाव."

मला हसू आलं, रडता रडता. आयुष्यभर मी त्याला सांगत आले, पुरुषांनी चुन्यात लुडबुड करू नये. पण दुसरा इलाज नव्हता.

मंगळवारी सकाळी अर्गिरोने गावभर फिरून पिवडी शोधली. पहिल्या दुकानात म्हणे पोराने विचारलं, हे खातात का? शेवटी कालिरोईच्याच माळ्यावर एका जुन्या कॉफीच्या डब्यात निघाली. मी चुना उपसला, पाण्यात पातळ केला, फडक्यातून गाळला. चमचाभर पिवडी वेगळ्या पाण्यात विरघळवून ओतली. बादलीत मला भोपळ्याचं सूप दिसत होतं.

ओला चुना खोटं बोलतो. लावताना करडा, पाणचट, आणि वाळला की काहीतरी तिसराच निघतो. म्हणून आम्ही आधी फुटक्या कौलावर एक हात मारतो आणि ते कौल चुलीवर ठेवतो. वाळलं की खरं कळतं. मी कौल सीमोससमोर धरलं.

"अजून थोडी," तो म्हणाला.

"अजून? सीमोस, हे आत्ताच कोंबडीच्या चोचीसारखं आहे."

"अजून थोडी, मोस्खा."

माझा हात पुढे होईना. सांगून कळायचं नाही, पण इतक्या वर्षांचा हात तो. बोटांना माहीत होतं हे पिवळं आहे, आता नीळ हवी. निळीची पुडी समोर फळीवर होती, आणि माझी बोटं आपोआप तिकडे वळली. अर्गिरोने ती पुडी उचलून स्वतःच्या खिशात घातली. मी पिवडीचा चमचा भरला आणि डोळे मिटून बादलीत ओतला. उघडे ठेवून जमलं नसतं.

दुसरं कौल. "जवळ आलंय." तिसरं. त्याने ते कपाटामागच्या तुकड्याशेजारी धरायला लावलं, मान तिरकी केली, खिडकी उघडायला लावली, परत मान तिरकी केली.

"लाव," तो म्हणाला.

मी लावायला लागले. वरून खाली, मग आडवा, जसं सासूने शिकवलं होतं. अर्गिरो शिडी धरत होती. सीमोस दारात खुर्चीवर बसून होता आणि अधूनमधून सांगत होता, तिथे पातळ झालं, तिथे राहिलं, त्या कोपऱ्यात फिरव. मी म्हटलं, तू तुझ्या आईसारखाच आहेस. तो म्हणाला, कोपऱ्यात खरंच फिरत नाही तुझा.

काय सांगू, मला ती भिंत घाण दिसत होती. प्रत्येक फटक्याला वाटायचं, मी चांगल्या भिंतीवर चहा ओततेय. त्याच्यावर इतका विश्वास मी पूर्वी कधी ठेवला नव्हता. तो व्हालपाराइसोला असतानासुद्धा नाही, आणि तेव्हा ठेवायला बरंच लागायचं. पहिला हात मंगळवारी, दुसरा बुधवारी. अर्गिरोने जेवताना सांगून टाकलं, ईस्टर झालं की तुझ्या मोतीबिंदूंची पाळी, डॉक्टरशी बोलून ठेवलंय. मी म्हटलं बघू. ती म्हणाली, बघू नाही, बघता यावं म्हणूनच तर जायचंय.

गुरुवारी सकाळी ती अंडी लाल रंगवायला कालिरोईकडे गेली, कारण आमच्या स्वयंपाकघरात चुन्याच्या बादल्या होत्या. आतली खोली वाळत होती. पलंगावर नुसती गादी होती, चादर अजून घातली नव्हती. मी खिडकी उघडी ठेवली आणि दाराशी उभी राहून कुंचा धूत होते. सीमोस माझ्या बाजूने आत गेला. गादीवर बसला, मग पाय वर घेतले, मग आडवा झाला. ऊन नुकतंच खिडकीतून आत आलं होतं.

मी कुंचा बादलीत तसाच सोडला. "वाळला का?" मी विचारलं. "मला कळत नाहीये. कसा आलाय?"

त्याने भिंतीकडे कूस वळवली. हात लांब केला आणि तळवा तिच्यावर ठेवला. चुना अजून पूर्ण वाळला नव्हता, त्याच्या बोटांना लागला असणार.

"सीमोस, सांग की. कसा आलाय?"

"आलो," तो म्हणाला.

आणि झोपला. भर सकाळी, बिनचादरीच्या गादीवर, चुन्याच्या वासात, तोंड अर्धवट उघडं ठेवून. इतके दिवस दिवाणावर कुशी बदलणारा माणूस, लहान मुलासारखा गाढ.

मी खुर्ची आत घेतली आणि त्याच्याजवळ बसले. भिंत मला अजून पिवळीच दिसत होती, मळलेली, न धुतलेली. तिच्याकडे बघून मला काहीच कळत नव्हतं. म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि मला कळलं की रंग बरोबर आला आहे.